रिपोर्टात नसलेला मुलगा

आमच्या दवाखान्यात कुणाला साधं बाळ होतच नसे. कुणाचं ‘ब्रीच’ असायचं, कुणाचं ‘आययूजीआर’ म्हणजे पोटात वाढ कमी, कुणाचं ‘प्रेशियस’. तपासून बाहेर आलेल्या बाईला बाकड्यावरच्या बाकीच्या विचारायच्या, “तुम्हाला काय निघालं?” जशी काही लॉटरीच. आणि जिला मॅडमनी “बधुं नॉर्मल छे” म्हणून लगेच बाहेर पाठवलं, तिच्या सासूचं तोंड बघण्यासारखं असायचं. “इतक्या लांबून रिक्षा करून आलो आणि काहीच निघालं नाही?” एकीने तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “मावशी, मशीन चांगलं आहे ना तुमचं?”

आमचं महिला मंडळ अंक काढतं, तिथल्या ताई म्हणाल्या, सिंधूमावशी, जसं बोलता तसं लिहा, आम्ही छापू. आता मी बोलायला लागले की थांबत नाही हे त्यांना माहीत असूनही म्हणाल्या, म्हणजे जबाबदारी त्यांची.

मी सुरतेत एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होते. आया म्हणजे काय, तर चादरी बदलणं, भांडं देणं, कळा सुरू झालेल्या बाईला धरून व्हरांड्यात फिरवणं, लेबर रूम धुणं आणि चक्कर आलेल्या नवऱ्याला पाणी पाजणं. शेवटचं काम सगळ्यात जास्त. पण माझं खरं काम वेगळंच होऊन बसलं. आमच्या डॉक्टर मॅडम गुजराती. हुशार, हाताला गुण, मनाने चांगल्या. पण सकाळी बायकांची ही रांग. मग त्यांचं वाक्य इंग्रजीत सुरू व्हायचं, गुजरातीत वळायचं आणि शेवट ठरलेला: “मासी, आमने समजावी दो ने.” म्हणजे, मावशी, यांना समजावून सांगा. की आले मी.

डिंडोली, पांडेसरा भागातल्या आमच्या बायका सगळ्या खानदेशातल्या. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, टीव्हीसमोर हिंदी आणि फाइलीत इंग्रजी. पोटातलं बाळ एक आणि त्याच्यावर बोलणाऱ्या भाषा चार. बाळ बिचारं कोणत्या भाषेत लाथ मारणार?

माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून जोडायला शिकले. अर्थ मॅडमना विचारायचे. त्यांनी कधी हिडीसफिडीस केली नाही, उलट चिठ्ठीच्या मागे पेनने चित्र काढून दाखवायच्या. त्यांच्या चित्रातली गर्भाची पिशवी अगदी दुधी भोपळ्यासारखी दिसायची. त्या दिवसापासून मी दुधी चिरताना जपून चिरते.

पहिला शब्द शिकले तो ‘एलएमपी’. शेवटची पाळी कधी आली ती तारीख. त्याच्यावरून बाळाची तारीख निघते. आता ही तारीख कोणत्या बाईला पाठ असते? मॅडम विचारायच्या, “एलएमपी?” बाई सासूकडे बघायची, सासू सासऱ्याकडे, सासरे पंख्याकडे. मी मग सासऱ्यांना औषधाच्या काउंटरवर धाडायची आणि विचारायची, “श्रावणात कानबाईचे रोट खाल्ले तेव्हा तू बाजूला बसली होतीस का गं?” मग झटक्यात उत्तर. “नही मावशी, रोटना टाइमले मी चांगली व्हतू. त्याना बाद, पोळाना आदल्या रोजले बसनू.” झाली तारीख. मॅडम त्यांचं गोल चक्र फिरवून सांगायच्या, अमुक महिन्यात. त्यांच्या चक्रावर कानबाई नव्हती एवढंच.

मग ते ‘जी-पी-एल-ए’. कापड मार्केटात पार्सलवर लॉट नंबर मारतात ना, तसं फाइलीच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणं झाली, किती मुलं जिवंत आहेत आणि किती पडली, याचे आकडे. लग्नापासूनचं सगळं रडणं बोटभर जागेत. एका पोरीने फाइलीत ‘ए वन’ वाचलं आणि खूश होऊन मला म्हणाली, “मावशी, माझं ए वन आहे.” मी म्हटलं, हो गं बाई. दुसरं काय म्हणणार? तिचा आधीचा गर्भ पडलेला लिहिला होता तिथे.

शब्द कोणी ठेवले देव जाणे, पण ठेवणारी बाई नव्हती हे नक्की. लागोपाठ गर्भ पडले की त्याला ‘हॅबिच्युअल’ म्हणायचे. म्हणजे सवय! जशी काही तपकिरीची. पिशवीचं तोंड टिकत नसलं तर ‘इनकॉम्पिटंट’. म्हणजे नालायक. आणि नवऱ्याच्या तपासणीत काही कमी निघालं तर दार लावून, आवाज खाली आणून, “भाई, काउंट थोडोक ओछो छे, चिंता नहीं.” मी मॅडमना एकदा म्हटलं, बाईला नालायक म्हणताना दार उघडं आणि पुरुषाला थोडं कमी म्हणताना बंद, असं का? मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, मासी, आता शब्द बदललेत, हॅबिच्युअल कुणी म्हणत नाही. म्हटलं, बरं झालं, एकदाची सवय सुटली.

एक बँकेतल्या बाई यायच्या, नागपूरकडच्या. पस्तिशी ओलांडलेली, पहिलं बाळ. राहणी टापटीप, बोलणं सगळं मोजून. एकदा फाइल उघडून उभ्याच राहिल्या. “मावशी, हे काय लिहिलंय? एल्डरली प्रायमी? मी एल्डरली?” मी म्हटलं, “ताई, ते पुस्तकात आहे, मॅडमनी मनाने नाही लिहिलं.” “पुस्तकात असू दे. आमच्या बँकेत साठ वर्षांच्यांना सीनियर सिटिझन म्हणतात, तेसुद्धा जास्त व्याज देऊन!” ही गोष्ट मॅडमना सांगितली तर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, “मासी, मारी दीकरी पण ए वखते छत्रीसनी हती.” म्हणजे त्यांची मुलगीसुद्धा छत्तिसाव्या वर्षी पहिलटकरीण. तिच्या फाइलीवर काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

आणि उलटंही व्हायचं बरं का. ‘ब्रीच’ म्हटलं की नवरा भिंत धरायचा. मी म्हणायची, अरे, बाळाचे पाय खाली आहेत, डोकं वर आहे, एवढंच. लगेच सासू पुढे सरसावायची. “म्हणजे पायाळू? ओ माय! आमच्या गावात पायाळू माणसाला लोक लांबून शोधत येतात, कंबर धरली की पाठीवर लाथ मारून घ्यायला.” नवरा रडतोय आणि सासू पेशंटांची यादी करतेय.

इथवर सगळी गंमत. पण एका प्रश्नाने मला नोकरीभर छळलं. तो प्रश्न विचारायला बंदी आहे, उत्तर द्यायला तर तुरुंग आहे, तशी पाटी दाराबाहेर तीन भाषांत लावलेली. आणि त्याच पाटीखाली उभं राहून बायका माझा पदर ओढायच्या. “मावशी, पेढा की बर्फी, एवढंच.” मी म्हणायची, मला माहीत नाही. त्या डोळा मारायच्या. मला खरंच माहीत नसायचं हो! सोनोग्राफीच्या खोलीत तसलं अक्षर कुणी तोंडातून काढत नसे. पण माहीत नाही म्हणणारीला नक्की माहीत असतं, असा आमच्या बायकांचा हिशेब.

कुणी सांगत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःची शाळा काढली. बाकड्यावरची शाळा. ठोके जास्त असले तर मुलगी, कमी असले तर मुलगा. वार पुढच्या भिंतीला असली, ‘अँटेरियर’ लिहिलं असलं, तर मुलगी. मागच्या भिंतीला, ‘पोस्टेरियर’ लिहिलं असलं, तर मुलगा. ज्या बायकांना स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता येत नव्हतं, त्यांना हे दोन शब्द तोंडपाठ. मॅडम सांगून थकल्या की वार म्हणजे बाळाला रक्त पुरवणारी गादी, ती पुढे चिकटली काय नि मागे चिकटली काय, मुलगा-मुलीशी तिचा संबंध नाही. बायका मान हलवायच्या. मनात म्हणायच्या, कायद्याला भिऊन बोलतेय बिचारी.

आता मनीषाची गोष्ट सांगते.

मनीषा डिंडोलीची सून, पहिलटकरीण. नवरा भूषण पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची, बोटांना कायम गोंद. बोलायला अगदी कमी. ती कसर सासू भरून काढायची. शेवंताबाई नाव. धिप्पाड, कपाळभर कुंकू, हातात सुनेची फाइल. फाइल सुनेच्या हातात मी कधी पाहिली नाही. आमच्याकडे रीतच तशी. तपासायचं सुनेला, सांगायचं सासूला, आणि सही नवऱ्याची.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. रिपोर्ट मिळाला तेव्हा मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या, म्हणून यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. पण शेवंताबाईला रात्र काढवेना. गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवलं आणि रिपोर्ट वाचून घेतला. पोरगी एक-एक शब्द वाचत ‘प्लॅसेंटा’वर आली. “प्लॅसेंटा... पोस्टेरियर...”

“बस!” शेवंताबाई म्हणाली. “फुडे नको वाचू.”

हे मला त्या पोरीनेच पुढे सांगितलं. तिच्याच्याने मध्येच थांबवेना, तिला वाक्य पुरं करायचं होतं. पण शेवंताबाईने कागद काढून घेतला, देवापुढे ठेवला आणि गावाला फोन लावला.

आणि पोस्टेरियरच्या पुढे, त्याच ओळीत, लिहिलं होतं की वार अगदी खाली आहे आणि पिशवीच्या तोंडावर पसरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई दवाखान्यात आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. पहिला माझ्या हातावर. “हे काय?” म्हटलं. “घे वं मावशी. तुले सर्व माहीत शे.” “मला काही माहीत नाही.” “हां, हां, तू असंच म्हणशी.”

आत मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. मॅडमनी चष्मा काढला की मी खुर्ची पुढे सरकवते. “कम्प्लीट प्रीव्हिया छे. बेड रेस्ट. प्रवास बिलकुल नहीं. वजन उचलायचं नाही. ब्लीडिंग झालं तर त्याच मिनिटाला इथे. डिलिव्हरी सिझरनेच होणार.” आणि मग माझ्याकडे बघून, “मासी, आमने समजावी दो ने. बराबर समजावजो.”

मी बाहेर आणून समजावलं. बराबर समजावलं. शेवंताबाईने सगळं हसतमुखाने ऐकलं आणि म्हणाली, “ते ठीक. पण डोहाळजेवण गावात ठरलं. शिंदखेड्याच्या पुढे आमचं गाव. आचारी सांगितला, मांडव सांगितला, भाऊबंद सगळे येणार. उधन्याच्या स्टेशनावर गाडीत बसलं की काय, बसल्या बसल्या जायचं. आणि तिथूनच तिची आई तिला माहेरी नेईल.”

“अहो, गाडीत रक्त जायला लागलं तर?”

“काही नही व्हस. मना चार पोरं घरमा व्हयनात.” मग आवाज खाली आणून, “मावशी, मी काही अडाणी नाही. डॉक्टर लोकांना सिझर आपल्याच दवाखान्यात करायचं असतं, म्हणून भीती घालतात.”

आता यावर काय बोलावं? तशी भीती घालणारे दवाखाने नसते, तर मला तिच्या तोंडावर नाही म्हणता आलं असतं. पण आहेत. खोट्याने खऱ्याची वाट अशी अडवून ठेवलेली.

मी भूषणला गाठलं. भला पोरगा, पण आईसमोर मान खाली. “आई म्हणेल तसं, मावशी.” मी म्हटलं, “तुझ्या मिलमध्ये बॉयलरचा लाल दिवा पेटला तर आईला फोन करून विचारतोस का, पळू की नको?” तो ओशाळं हसला, पण फाइल आईच्याच हातात राहिली.

तेवढ्यात मनीषाला इंजेक्शनसाठी आत बोलावलं. मी बरोबर गेले. इंजेक्शन झालं, ती उठेना. म्हणाली, “मावशी, माझ्या पोटात काय आहे ते तुम्ही आत्याबाईंना सांगितलं, ह्यांना सांगितलं. मला पण सांगा ना.”

मी तिच्या शेजारी टेबलावरच बसले. म्हटलं, बघ, पिशवी म्हणजे तोंड खाली करून टांगलेली थैली. त्यात बाळ. बाळाला रक्त पुरवणारी वार, भाकरीएवढी असते. ती बहुतेकींची वर चिकटते, बाजूच्या भिंतीला चिकटते. तुझी खाली दारातच चिकटलीय. बाळाला बाहेर यायचं तर दार उघडणार, आणि दार जरासं जरी उघडायला लागलं तरी वार सुटते आणि रक्त वाहतं. दुखत नाही, कळ येत नाही. म्हणून बायका फसतात, वाटतं काही नाही. आणि वाहायला लागलं की भडाभडा. तेव्हा जवळ ऑपरेशनची सोय लागते, रक्ताची बाटली लागते. चालत्या गाडीत यातलं काही नसतं.

ती बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत होती. म्हणाली, “म्हणजे खडा भलत्या जागी चिकटला. आता ओढला तर कापड फाटेल.”

“अगदी तसंच.”

“आणि पोस्टेरियर म्हणजे?”

“मागची बाजू. दुसरं काही नाही.”

“मुलगा नाही?”

“असेलही, नसेलही. त्या शब्दात तरी नाही.”

तिने मान हलवली आणि निघून गेली. मला वाटलं, गेली ही पोरगी. मला त्या रात्री झोप नाही.

ज्या दिवशी निघायचं होतं, त्या दिवशी दुपारी ही मंडळी रिक्षाने उधन्याला जाता जाता दवाखान्यात आली. पिशव्या, टोपली, पाण्याचा कॅन, सगळं घेऊन. शेवंताबाईला गोळ्या हव्या होत्या आणि “प्रवासाचं एखादं इंजेक्शन”. तसलं इंजेक्शन नसतं म्हटलं तर म्हणाली, मग गोळ्याच द्या. मॅडम वर लेबर रूममध्ये. बाहेर बाकडी भरलेली. मनीषा एका कडेला बसली. शेवंताबाई गोळ्या घेऊन वळली. “चाल मनीषा, गाडीना टाइम व्हयना.”

मनीषा बसूनच. “मी नही येस, आत्याबाई.”

बाकड्यावरच्या बायकांनी मोबाइल खाली ठेवले.

“काय म्हटलंस?”

“तुम्ही जा. मी आठेच राहस.”

“आणि डोहाळजेवण?”

“तुमचं ठरलेलं आहे, तुम्ही जेवून या.”

एक बाई फस्सकन हसली. शेवंताबाईने तिच्याकडे असं बघितलं की तिने हसू खोकल्यात घातलं. “लोके काय म्हणतीन? मांडव घालना आणि डोहाळकरीणच नही? पोरीला कोणी शिकवलं हे?” असं म्हणून माझ्याकडे नजर. मी बादलीकडे बघितलं.

आता बाकडं सुरू झालं. एकजण म्हणाली, जाऊ दे पोरी, मोठ्या माणसाचं मन मोडू नये. दुसरी म्हणाली, मोडू नये कसं, माझ्या नणंदेला असंच गाडीत झालं होतं. तिसरी म्हणाली, रेल्वेत डॉक्टर असतो. “कोणत्या रेल्वेत?” “असतो, मी ऐकलंय.” भूषण पिशवीचा बंद पिळत उभा.

शेवंताबाईने सुनेचं मनगट धरलं. तेव्हा मनीषा उठली. पण रिक्षाकडे गेली नाही. सासूच्या अगदी समोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “आत्याबाई, पोऱ्या शे ना? तुम्हीच सर्वासले सांगेल व्हतं ना?”

“शेच!”

“मंग त्याले गाडीमा सांडू का?”

शेवंताबाईचा हात सुटला.

इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये बायकांना समजावलं. भोपळा काढून, थैली दाखवून, हातवारे करून. असा परिणाम मला एकदाही जमला नव्हता. शेवंताबाई मटकन बाकड्यावर बसली. पदराने तोंड पुसलं. मग भूषणवर ओरडली, “उभा काय राहिना? तुले समजत नही? सामान उतरव रिक्षातून!” जणू गाडीचं तिकीट त्यानेच काढलं होतं.

आणि मी? मला माहीत होतं की रिपोर्टात मुलगा नाही. मनीषालाही माहीत होतं, मीच तिला सांगितलं होतं. तोंडावर आलं होतं, अहो, मुलगी असली तरी सून तीच आहे, रक्त तिचंच जाणार आहे. पण मी गप्प राहिले. कारण हे बोलले असते तर सामान परत रिक्षात चढलं असतं. या गोष्टीचं मला त्या दिवशी हसू आलं, अजूनही येतं. पोरीला स्वतःच्या जिवासाठी थांबता येत नव्हतं. नसलेल्या मुलाच्या जिवासाठी लगेच थांबता आलं.

डोहाळजेवण मग डिंडोलीतच झालं. मनीषाची आई गावाहून आली. मनीषा गादीवर आडवी, डोक्याला फुलांची वाडी, बाकीच्या बायका भोवती. मलाही आमंत्रण होतं. शेवंताबाईने कुणाला तिच्याजवळ पेढा-बर्फीच्या वाट्या नेऊ दिल्या नाहीत. म्हणाली, विचारायचं काय त्यात, मॅडमचा रिपोर्ट आहे.

त्यानंतर काही दिवसांनी, भरदुपारी, मनीषाला गादीवरच ओलं लागलं. दुखलं-खुपलं काही नाही. तिने सासूला हाक मारली आणि म्हणाली, “दार उघडलं, आत्याबाई. रिक्षा बोलवा.” घाबरली नाही, कारण काय होतंय हे तिला ठाऊक होतं. रिक्षाने ती आमच्याकडे पोचली तेव्हा सीट भिजलेली होती. मॅडम ताटावरून उठून आल्या. रक्त मागवलं. भूषणने रक्त द्यायला बाही वर केली. तो मिलमधून तसाच पळत आला होता, हात कोपरापर्यंत निळे. नर्सला कातडी सापडेपर्यंत स्पिरिटचे किती बोळे गेले.

शेवंताबाई ऑपरेशनच्या दारात जमिनीवरच बसली होती. हातात फाइल होती, पण ती उलटी धरलेली. मी जवळून गेले की विचारायची, “काय व्हयनं वं, मावशी?” तेव्हा ती पोऱ्याचं विचारत नव्हती. मी चेहरा ओळखते, इतक्या सासवा पाहिल्यात मी. ती सुनेचं विचारत होती.

संध्याकाळच्या आत मॅडम बाहेर आल्या. थकलेल्या, टोपी हातात. मनीषा वाचली होती. मुलगी झाली होती. लवकर आली म्हणून लहानशी, पण आवाज असा की आजीवर गेलेला.

मी गोळा केलेली सगळी वाक्यं तयार ठेवली होती, मुलगी म्हणजे लक्ष्मी वगैरे, जी आम्ही अशा वेळी सांगतो आणि कुणी ऐकत नाही. एकही लागलं नाही. शेवंताबाई उठली, नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि भूषणला म्हणाली, “चहा आण. आणि तो निळा हात धू आधी, पोरीले लावू नको.”

मनीषाला घरी सोडायचं त्या सकाळी शेवंताबाई नातीला मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसली होती. भूषण औषधांच्या रांगेत, मनीषा आत कपडे बदलत होती. शेजारी एक नवी बाई येऊन बसली, तीही आमच्याच भागातली, सून तपासायला आत पाठवलेली. तिने इकडेतिकडे बघितलं, पदराखालून रिपोर्ट काढला आणि बोट ठेवलं. “बाई, तुम्ही इथल्या जुन्या दिसता. हे बघा ना. पोस्टेरियर लिहिलंय म्हणतात. म्हणजे पोऱ्याच ना?”

मी जवळच फरशी पुसत होते. हात थांबला. म्हटलं, आता शेवंताबाई उसळणार, की रिपोर्ट खोटे, डॉक्टर खोटे, शब्द खोटे.

शेवंताबाईने तो कागद हातात घेतला. वाचता येत असल्यासारखा खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, “पोऱ्याच. शंभर टक्के.”

त्या बाईचा चेहरा खुलला.

“म्हणूनच सांगते,” शेवंताबाई पुढे म्हणाली, “सुनेला पाण्याची घागर उचलू द्यायची नाही. गावाला न्यायची नाही. त्या मावशीकडून पुढची ओळ वाचून घ्यायची, ती जे सांगेल ते सुनेलाच सांगू द्यायचं. पोऱ्याचं काम आहे, हयगय नको.”

“नाही, नाही, कशी करीन?” ती बाई म्हणाली. “तुमच्याकडे पण पोस्टेरियर होतं का?”

“होतं ना,” शेवंताबाई म्हणाली, आणि नातीच्या कानांवरून टोपडं नीट खाली ओढून घेतलं.